घरघर बाहेरची आणि तारेतली

माझ्या रोजच्या हेडफोनची वायर उंदराने कुरतडलीय, हे मला कळलं ते कुडाळजवळच्या एका देवळाच्या मांडवात, रात्री साडेनऊला. अकराला दशावतार उभा राहणार होता. माईक लागलेले, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग तयार, आणि कानाला लावायला काही नाही. दशावतारातले संवाद कागदावर नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. "परत एकदा घेऊया" म्हणायची सोयच नाही.

बॅगेत प्रवासासाठी घेतलेला वायरलेस नॉइज कॅन्सलिंग हेडफोन होता. तो ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला. मृदंगावर हात पडताना दिसतो आणि थाप मागाहून येते! आवाज दाबून पाठवायचा, तिकडे पुन्हा उलगडायचा, यात सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा सहज जातो. सिनेमा बघताना फोन चित्रच थोडं थांबवून हे झाकतो. समोरच्या मृदंगवाल्याला कोण थांबवणार? पेटीवाल्या बुवांनी कानाला लावून बघितला नि म्हणाले, "मेल्या, थाप आज पडता नि गाजता उद्या!"

मग हेडफोनच्या डब्यातली वायर काढली. कानाकडचं टोक २.५ मिमी, दुसरं ३.५, आणि सगळे माईक जिथे एकत्र येतात त्या मिक्सरचं भोक ६.३५. जाड पिनेचा कन्व्हर्टर सामानात कायम असतो म्हणून वाचलो. थाप जागेवर आली.

पण नवीनच घोळ. वायर लावूनही हेडफोन चालू केला की मृदंगाचा खर्ज फुगायचा, बंद केला की सगळं चपटं. चालू असताना त्याच्या आतलं सर्किट आवाजाला आपला रंग देतं. मी फसलो, मिक्सरवर खर्ज उतरवला, आणि मांडवातल्या स्पीकरवर मृदंग पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. सगळं पूर्ववत केलं. पुढे रात्रभर रंगासाठी स्वतःचे कान, हेडफोन फक्त दोष शोधायला.

आणि दोष मिळालाही. गणपतीचा प्रवेश सुरू झाला तसा कानात घूंऽऽ. मांडवामागे जनरेटर होता, संशय त्याच्यावरच. वायर तशीच ठेवून कॅन्सलिंग चालू केलं. कपातले माईक बाहेरचा आवाज ऐकतात आणि हेडफोन त्याची उलटी लहर सोडतो. एकसुरी, खालच्या घरघरीवर हे चांगलं चालतं, झांजेसमोर मात्र फारसं नाही. जनरेटर पुसला गेला. घूं जागची हलली नाही, उलट आणखी उघडी पडली.

म्हणजे ती हवेत नव्हती. वायरीतून जे येतं ते हेडफोनच्या लेखी गाणंच, त्याला तो हात लावत नाही. माझा साधा हेडफोन असता तर मी जनरेटरलाच शिव्या घालत बसलो असतो. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, दोघांच्या अर्थिंगचा फेरा झालेला, आणि त्यातूनच विजेची घरघर आवाजाच्या वायरीत शिरत होती. चार्जर उपटला. शांत! मग तो मिक्सरच्याच बोर्डावर खोचला, घूं परतली नाही.

पहाटे आख्यान रंगात असताना हेडफोनची बॅटरी संपली. वायरीतून आवाज येत राहिला (सगळ्याच मॉडेलांत येत नाही), फक्त जनरेटर कानाशी येऊन बसला. शेवटचा दहीकाला होईपर्यंत तसाच बसलो.

गणपतीच्या प्रवेशातली घूं रेकॉर्डिंगमध्ये अजून आहे. बुवांना नेमका तोच भाग हवाय.