हवेत सगळे सारखेच

दुपारची जेवणं झालेली, टिळकवाडीत पावसाची रिपरिप, आणि भाची मोबाईलवर फिगर स्केटिंग लावून बसलेली. इथली पोरं चाकाच्या स्केट्सवर वाढतात, बर्फ फ्रीजमधलाच काय तो. मला एक खोड आहे, समोर जे चाललंय त्याचं नाव कळल्याशिवाय बघण्यात मजा येत नाही. कॉमेंट्रीवाला लुट्झ म्हणतोय, साल्को म्हणतोय, मला सगळं एकच, गिरकी मारली न् उतरली.

"मामा, वर काय बघतोस, पाय बघ की!"

आनंदवाडीचा आखाडा आठवला. अण्णांबरोबर कुस्त्यांना जायचो तेव्हा मी नुसतं कोण पडला ते बघायचो आणि शेजारचे पटकेवाले म्हातारे हात कुठं घातला एवढ्यावरूनच "ढाक!" "घिस्सा!" ओरडून मोकळे, पैलवान चितपट व्हायच्या आत त्यांचं शेंगा सोलणं परत सुरू.

मग बघितले पाय. अ‍ॅक्सल ओळखायला सोपा, सहा उड्यांत तोंड पुढं करून उडायचा तेवढा एकच, बाकी पाचही पाठमोरे, म्हणून त्यात अर्धी गिरकी जादा. नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉल्सेननं तो १८८२ मध्ये व्हिएन्नात मारला. साल्को स्वीडनच्या उलरिक साल्कोचा, १९०९ चा, हा बाबा दहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन. साल्को न् लूप नुसत्या पात्याच्या धारेवरून, टो लूप, फ्लिप, लुट्झ हे पात्याच्या पुढचे दात बर्फात रोवून.

खरा घोळ फ्लिप न् लुट्झचा. बहुतेक जण दोन्हीत डाव्या पायावर मागं घसरत येतात, उजवा रोवतात, उडतात. फरक काय, तर डावं पातं आत कललंय का बाहेर. लुट्झ बाहेरच्या धारेवरून, म्हणजे अंग एकीकडं वळत आलेलं न् गिरकी उलटीकडं, म्हणून अवघड, आणि शेवटच्या क्षणाला पातं चोरून आत कललं की त्याचा फ्लुट्झ होतो, मार्कही कापतात. ते कलणं दिसलं तेव्हा मी सोफ्यावरून ओरडलोच, घरातले दचकले.

अमेरिकेच्या इलिया मालिनिननं २०२२ मध्ये स्पर्धेत चौपट अ‍ॅक्सल मारला, साडेचार गिरक्या! मोजायला गेलो तर दोनाच्या पुढं डोळा पोचेना. साल्को न् टो लूप तर माझे अजून मिसळतातच. मिसळू देत.