नवरात्रातला नवा बटाटा

कांदेनवमी झाली की आमच्या पोह्यांत कांद्याच्या जागी बटाटा येतो. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आता नाहीत, बाकी आम्ही सगळे लसणाची चटणी बिनदिक्कत खातो, पण पोह्यांपुरता त्यांचा नियम टिकून आहे. त्याचं खरं कारण अण्णा, म्हणजे माझे सासरे. त्यांना बटाटेपोहे आवडतात. पहिला घास घेतला की दर आषाढात ते हेही म्हणतात, "चांगले झालेत. बटाटा शिळा आहे, पण चांगले झालेत."

आता बटाटा शिळा कसा असेल? आंब्याला हंगाम, हुरड्याला हंगाम, पुरंदरच्या अंजिरांना हंगाम. बटाटा बारा महिने तेरा काळ टोपलीत असतोच. पाहुणे आले, बटाटा. उपास आला, बटाटा. भाजी आणायला वेळ झाला नाही, बटाटा. इतक्या हक्काच्या वस्तूला कुणी जन्मतारीख विचारत नाही. अण्णा विचारतात. मंडईत गाळ्यापुढे उभं राहून विचारतात, आणि तेही इतक्या गंभीरपणे, की शेजारची गिऱ्हाइकं आपल्या पिशवीत डोकावून बघायला लागतात.

हिशेब मांडला तर अण्णांचं बरोबर असतं. बटाट्याला जमिनीखाली पोसायला थंड रात्री लागतात. रात्रीचा पारा विशीच्या वर रेंगाळला की पाला नुसता माजतो, खाली मात्र फारसं काही हाती लागत नाही. म्हणून गंगा-यमुनेच्या मैदानात तो हिवाळ्याचं पीक. दिवाळीच्या आगेमागे लावायचा, शिमग्याच्या सुमाराला काढायचा. निघालेला माल कोल्ड स्टोरेजमध्ये २ ते ४ अंशांवर जातो आणि पार नोव्हेंबरपर्यंत थोडा थोडा बाहेर येत राहतो. आषाढात गुलटेकडीच्या मार्केटयार्डात जो 'आग्रा' उतरतो, त्यानं जमीन सोडून चार-पाच महिने झालेले असतात. श्रावणी सोमवारच्या खिचडीत तो पडतो तेव्हा त्याहून जास्त.

हे महिने त्याला बाधतात असं नाही, पण ते लपतही नाहीत. थंडीत बटाट्यातल्या पिठूळपणाची, म्हणजे स्टार्चची, हळूहळू साखर होते. असा बटाटा चिरून काचऱ्या टाकल्या की आत शिजायच्या आधीच कडा तपकिरी होतात आणि घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरात न येताच म्हणतं, "गॅस मोठा झाला वाटतं." गॅस मोठा नसतो. ती साखर करपत असते. बटाटे आठ-पंधरा दिवस बाहेर टोपलीत राहिले तर त्यातली थोडी साखर परत जिरते. फ्रिजमध्ये ठेवले तर उलट वाढते. टोपली अंधारात मात्र हवी. उजेडात बटाटा हिरवा पडतो, कडवट होतो, आणि तो हिरवेपणा पोटाला चांगला नाही. आमच्याकडे टोपलीवर जुन्या पोत्याचा तुकडा असतो. दर महिन्याला कुणीतरी तो फेकून देतं आणि अण्णा तो परत आणून ठेवतात.

मंडईत बटाटा गावाच्या नावानं ओळखला जातो. आग्रा, इंदूर, तळेगाव. वाणाची नावं शेतकऱ्याकडे आणि बेणं विकणाऱ्याकडे राहतात, आपल्यापर्यंत पोचत नाहीत. ती नावं मोठी ऐटबाज आहेत : कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. १९४९ साली पाटण्याला सुरू झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था पुढे सिमल्याला गेली, आणि तिच्या वाणांना हे कुफरी आडनावासारखं लागलं. आपल्या पठारी भागासाठी काढलेला एक वाण तर 'कुफरी लवकर' आहे. मंडईत जाऊन कुणी म्हणालं, "मावशी, अर्धा किलो पुखराज द्या," तर मावशी सरळ लक्ष्मी रोडच्या सराफांकडे बोट दाखवतील. (मंडईचं नाव निघालंच आहे म्हणून : १८८६ची ही इमारत आधी रे मार्केट होती. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीरावांचंच नाव पुढे तिला मिळालं. पुण्यात विरोध वाया जात नाही.)

तर आग्र्याची गोष्ट इथपर्यंत. अण्णांचा जीव आहे तो सातगाव पठारावरच्या बटाट्यात.

राजगुरुनगर मागे टाकून नाशिक रस्त्यानं मंचरकडे निघालं की आंबेगाव तालुक्यातलं हे पठार लागतं. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव, पारगाव आणि कोल्हारवाडी ही ती सात गावं. इथला शेतकरी बटाटा पावसाळ्यात लावतो. उत्तरेतल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. पण पठाराची उंची, आभाळ भरलेले दिवस आणि सह्याद्रीवरून येणारा गारवा यांच्यामुळे जून-जुलैतही बटाट्याला जमेल अशी हवा इथे असते. बेणं बहुतेक पंजाबातलं. तिथल्या थंडीत मावा, म्हणजे रोग पसरवणारी बारीक कीड, कमी, म्हणून रोग कमी. मंचरच्या बाजारात त्याच्या गाड्या लागतात आणि पेरणीच्या दिवसांत बेण्याचा भाव हा तिकडच्या चहाच्या टपऱ्यांवरचा पहिला विषय असतो. पुढे सगळं पावसाच्या हाती. मध्येच ओढ दिली तर बटाटा गोटीएवढा राहतो, आणि काढणीच्या वेळी कोसळला तर जमिनीतच सडायला लागतो.

दोन्ही टळलं तर गणपती जाता जाता काढणी सुरू होते आणि नवरात्रात ऐन भरात येते. म्हणजे बघा, मैदानातला बहुतेक देश फाल्गुनातला बटाटा उकडत असतो, तेव्हा पुण्यापासून दोन तासांवर ताजा बटाटा निघत असतो. तोही उपासांच्या नऊ दिवसांत. एवढी सोय देवीनं दुसऱ्या कुठल्या शहराची केली असेल असं मला वाटत नाही.

पण तो सगळा पुण्याला मिळत नाही. पठारावर बराच बटाटा वेफर्स कंपन्यांशी करार करून लावलेला असतो. कंपन्यांना पाणी कमी आणि साखर कमी असलेला बटाटा लागतो, कारण माझ्या काचऱ्या जिथे करपतात तिथेच त्यांचे वेफर्सही करपतात. त्यामुळे तो ताजा बटाटा शेतातून थेट कारखान्यात जातो आणि पुडीतल्या हवेसकट आपल्या सोसायटीखालच्या दुकानात परत येतो. आपण तो खातो, फक्त आपल्याला ते कळत नाही. याबद्दल अण्णांना संताप येतो. मला तितकासा येत नाही. ठरलेला भाव मिळत असेल तर शेतकऱ्यानं आमच्या काचऱ्यांसाठी का थांबावं?

उरलेला मात्र शोधून आणावा असा असतो. अंगाला माती चिकटलेली, साल इतकी पातळ की अंगठ्यानं घासली तरी निघते. तो सोलायचा नाहीच. धुवायचा, सालीसकट पातळ चिरायचा, तेलात मोहरी-हिंग-हळद, वर झाकण, शेवटी तिखट-मीठ. काचऱ्या सोनेरी होतात आणि तशाच राहतात. उपासाला असेल तर तूप-जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. रश्शात टाकला तर फोडी शाबूत राहतात, भांड्याच्या तळाशी पिठलं होत नाही. चवीला त्याला एक ओला, मातीजवळचा वास असतो, जुन्या बटाट्यात जो अजिबात उरत नाही. पुढे थंडीत रब्बीचा स्थानिक बटाटा येतो, त्याच वेळी मटार स्वस्त होतो, आणि मग त्या दोघांचा रस्सा आठवड्यातून किती वेळा करायचा यावर घरात मतभेद होतात. माझ्या फ्रीजरमध्ये मटार वर्षभर असतो. त्याची मला लाज वाटत नाही, पण त्या रश्शासाठी मी तो काढत नाही.

होळीनंतरचा बटाटा वेगळ्याच कामाचा. उत्तरेचा आणि इंदूरचा नवा माल भरपूर आलेला, भाव उतरलेला आणि ऊन चढलेलं. हे तिन्ही एकत्र येतात तेव्हा पुण्यातल्या गच्च्यांवर कीस पडतो, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या पडतात. पडायच्या, म्हणायला हवं. आमच्या गच्चीवर आता सोलर पॅनल आहेत आणि उरलेल्या जागेबद्दल सेक्रेटरींचे नियम. कीस बाल्कनीत वाळतो, दुपारी तीननंतर ऊन जातं, आणि दोन दिवसांचं काम चार दिवस चालतं.

एका बाबतीत मी जुन्या बटाट्याच्या बाजूनं आहे, आणि ती बाब म्हणजे वडा. नव्या बटाट्याचं सारण चिकट होतं, ओलसर राहतं, हाताला सोडत नाही. वड्याला पुरता पिकलेला, मुरलेला, उकडल्यावर भुसभुशीत फुटणारा बटाटा हवा. त्याचा तो गोडवा आलं-लसूण-मिरचीच्या वाटणात कुठल्या कुठे जिरतो. म्हणजे बाहेर पाऊस आणि कढईत वडा ही जोडी जमते त्यात आग्र्याच्या त्या शिळ्या बटाट्याचाही हात आहे. हे मी अण्णांना गेल्या पावसाळ्यात सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तिसरा वडा घेतला आणि विचारलं, "मग नवरात्रात पेठेला कधी जायचं?"