विडी कामगार महिलांचे रॅप नाट्य: माझा अनुभव

निपाणीत विडी वळणाऱ्या महिलांवर नाटक करायचे ठरले, तेव्हा आमच्या गटातील मुलांनी हिप-हॉपचा, म्हणजे ठेक्यावर बोललेल्या रॅपचा आणि त्यासोबतच्या नाचाचा, आग्रह धरला आणि मला तो लगेच पटला. 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हा प्रकार उभा राहिला, तो महामार्गासाठी घरे पाडल्या गेलेल्या आणि शहराने टाकून दिलेल्या वस्तीतील कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांनी. शिवाय आमच्याकडे जलशांची आणि शाहिरीची परंपरा आहेच. अन्यायाची हकिकत ठेक्यावर सांगणे या मातीला नवीन नाही.

सर्वांत जास्त वेळ ऐकण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. दुपारी अक्कांच्या घोळक्यात आम्ही बसत असू. भिजवलेले पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कातरणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, हे सारे मांडीवरच्या सुपात अखंड चाललेले असे. त्या कात्रीचा आवाज ध्वनिमुद्रित करून आमच्या मुलाने त्याचाच ठेका बांधला. बाहेरचे तयार संगीत आम्ही वापरले नाही. बोलण्यात विषय एकच येई: छाट. हजार विड्यांवर मजुरी ठरते, पण ठेकेदार सदोष म्हणून ज्या विड्या बाजूला काढतो, त्यांचे श्रम फुकट जातात. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याखालील नियमांत छाटीला मर्यादा घातलेली होती, हे बहुतेकींना कोणी सांगितलेलेच नव्हते.

संहिता लिहिताना ‘मी’ म्हणून कोणी बोलायचे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. कोणाही एकीची कहाणी ओळखू येईल अशी मांडली, तर उद्या तिचेच काम तुटण्याची भीती होती. म्हणून अनेकींचे अनुभव एका पात्रात गुंफले, प्रत्येक कडवे आधी त्यांनाच वाचून दाखवले आणि ज्या ओळीला नकार आला ती काढून टाकली. भाषा त्यांचीच ठेवली, म्हणजे मराठीत सहज मिसळणाऱ्या कन्नड शब्दांसह.

नाचणाऱ्या मुलाला मी उड्या-गिरक्या कमी करायला सांगितल्या. मांडी घालून, मान वाकवून तासन्‌तास बसलेले शरीर जमिनीलगतच्या हालचालींतून दाखवायचे आणि छाटीचा आकडा उच्चारताच ते जागीच गोठवायचे, एवढे त्याने आत्मसात केले आणि प्रसंग उभा राहिला.

परवानगी, ध्वनिक्षेपक, जागा ही कामे ओळखीपाळखीने झाली. प्रयोग चौकात, संध्याकाळी झाला. शाहिरामागे झीलकरी असतात तशी पालुपदाची जागा आम्ही मोकळी ठेवली होती. दुसऱ्या कडव्यापासून ती समोर बसलेल्या अक्कांनीच उचलली. नंतर त्यांपैकी एकीने विचारले, “पीएफचं का नाही घातलासा?” भविष्य निर्वाह निधीवर नवे कडवे लिहून आम्ही त्यांना ऐकवले आहे. आता हा खेळ चिकोडीकडच्या गावांत न्यायचा आहे, आणि तिथल्या प्रेक्षकांसाठी अर्धी कडवी कन्नडमध्ये बांधण्याचे काम चालू आहे.