आमची वाटचाल : भिंतीखालची रेघ
दोन कॉम्प्युटर आणि तिघं जण, एवढ्यावर आमचा स्टुडिओ सुरू झाला. काम म्हणजे आर्किटेक्टना न बांधलेल्या खोल्यांची चित्रं करून देणं. पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिळेल ते घेतलं, रात्री जागलो.

खरं शिक्षण झालं ते एका दिवाणखान्यामुळे. क्लाएंटने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "भिंतीखाली लाईट लावलाय का? आम्ही तर सांगितला नव्हता." भिंत जमिनीला टेकते तिथे केसाएवढी उजळ रेघ होती. "बघतो," म्हणालो आणि दोन रात्री दिव्यांच्या सेटिंगशी झटलो. सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी सोडायचे उजेडाचे किरण, चौपट केले. चित्रातले खरखरीत दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल चौपट लागतात, हा हिशेब माहीत होता. तासाभराचा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र काढणं, चार तासांवर गेला. दाणे गेले आणि रेघ आणखी स्वच्छ दिसायला लागली!

आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी तोवर गप्प होती. तिने सगळ्या मटेरिअलवर एकच करडा रंग चढवला, एक सोडून सगळे दिवे बंद केले आणि कॅमेरा जमिनीला टेकवला. मॉडेलमधली, म्हणजे कॉम्प्युटरात उभ्या केलेल्या खोलीतली, भिंत म्हणजे नुसता कागद होता, जाडी शून्य, आणि तोही जमिनीपासून दोन मिलिमीटर वर तरंगत होता. बाहेरच्या आकाशाचा उजेड त्या फटीतून आत येत होता. शिवाय आम्ही वापरत होतो ती पद्धत परावर्तित उजेड मोजक्या ठिकाणीच मोजायची आणि मधली जागा अंदाजाने भरायची. भिंतीला जाडीच नसल्यामुळे आतला बिंदू बाहेरच्या बिंदूकडून उजेड उसना घेत होता. भिंतीला जाडी दिली, पाच सेंटिमीटर जमिनीत बुडवली. जुन्याच सॅम्पलवर रेघ गायब.

तेव्हापासून ऑफिसात नियम झाला: दिव्याला हात लावण्याआधी करडा रंग. निम्म्याहून जास्त वेळा खोट मॉडेलमध्ये निघते. भिंतीवर काळे डाग असतील, तर एकाच जागी दोन पृष्ठभाग बसलेले असतात. गोल खांबावर सावलीची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसली, तर खांब ज्या सपाट तुकड्यांनी बनतो ती जाळी विरळ आहे आणि गुळगुळीतपणा नुसता वरवरचा.

एकदा तर सगळ्या इमारतीवर राख उडवल्यासारखे ठिपके आले. आलेल्या फाइलमध्ये सर्व्हेचे निर्देशांक जसेच्या तसे ठेवले होते. इमारत शून्यबिंदूपासून सुमारे 5 लाख मीटर दूर. प्रोग्राम जागा नोंदवतो त्या 32 बिटच्या दशांशी आकड्यात साधारण सातच अंक विश्वासाचे, त्यामुळे तिथे 3 सेंटिमीटरपेक्षा बारीक फरक साठवताच येत नाही. किरण ज्या भिंतीवरून निघायचा तिच्यावरच परत आपटायचा. इमारत उचलून शून्यावर आणली, काम झालं. ही चूक शोधायला आम्हाला आठवडा लागला, हे लिहायला लाज वाटते.

काही खोड्या मात्र खरोखर उजेडाच्याच. फायरफ्लाय, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात चमकणारे सुटे पांढरे पिक्सेल. बहुतेकदा छोटा, प्रखर दिवा आणि जवळ काच किंवा चकचकीत धातू. हजारातला एखादाच किरण दिव्यापर्यंत पोचतो आणि सगळी प्रखरता एका पिक्सेलवर ओततो. पिक्सेलच्या प्रखरतेवर मर्यादा घालणारं क्लॅम्प लावलं की ते जातात, पण काचेतून पडणारा खराखुरा उजेडही सोबत जातो. म्हणून आम्ही आधी दिवा थोडा मोठा करून बघतो. पांढरी भिंत अगदी शुभ्र, म्हणजे रंगाच्या मोजपट्टीवर सगळ्यात वरचा आकडा 255, ठेवणाऱ्यांशी माझं अजूनही भांडण होतं. खरा पांढरा रंगही सुमारे 80 टक्केच उजेड परत फेकतो. पूर्ण पांढऱ्या खोलीत उजेड विझतच नाही आणि दाणेही संपत नाहीत.

आता आम्ही आठ जण आहोत. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल आधी त्या मुलीच्या टेबलावर जाते. एका चित्राला डिनॉइझर, म्हणजे दाणे अंदाजाने पुसणारा प्रोग्राम, छान लागतो, पण चलचित्रात तो प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज बांधतो आणि झाडाची पानं उकळल्यासारखी हलतात. त्यावर आमच्याकडे अजून जादू नाही. पानांचे फ्रेम जास्त सॅम्पलवर लावतो आणि मशीन रात्रभर चालू ठेवून घरी जातो.