तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटिझम असलेल्या पोरासाठी खेळणी कुठली घ्यायची?

"मॅडम, खेळणी कुठली घेऊ, तेवढी लिस्ट द्या की." हे मला इतक्या आईबाबांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते. मी स्पेशल एज्युकेटर आहे, कोल्हापुरात घरोघरी जाऊन ऑटिझम असलेल्या लहान मुलांबरोबर काम करते. निदान झालं की लोक आधी मोबाईलवर 'ऑटिझम किट' (ऑटिझमच्या नावाने विकला जाणारा खेळण्यांचा संच) शोधायला लागतात आणि हजारो रुपये घालवून बसतात. थांबा जरा. काही मागवू नका अजून.

मी एकच बघते, त्या खेळात तुम्हाला जागा आहे का? बटण दाबलं की गाणं वाजतं, लाईट लागतात, पोरगं तासभर एकटंच खूश. दमलेल्या आईला तेवढी शांतता हवीच असते, अगदी मान्य. पण ज्या पोराला माणसाकडे वळणं, मागणं, आपल्या पाळीची वाट बघणं हेच अवघड जातंय त्याला माणसाची गरजच पडू न देणारं खेळणं शिकवणार काय?

राजारामपुरीतल्या एका घरातलं सांगते. चार वर्षांचा मुलगा, बोलत नव्हता, आणि आजीची तक्रार, "अवो मॅडम, बांगडी घेतंय आणि फरशीवर गरागरा फिरवत बसतंय बघा." तो गाल फरशीला टेकवून बांगडी आडवी होईपर्यंत बघायचा. मी आईला म्हटलं बंद नका करू, सगळ्या बांगड्या फक्त तुमच्या हातात घ्या (काचेच्या नको, प्लॅस्टिकच्या, महाद्वार रोडला ढिगानं मिळतात) आणि त्याच्यासमोर पालथ्या पडून एक फिरवा. बांगडी पडली की गप्प बसायचं, "काय पाहिजे, बोल, बोल" असलं काही नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं. आधी त्याने ओढाओढी केली, मग नुसता हात पुढे यायला लागला, आणि एके दिवशी त्याने आईची बोटं धरून बांगडीवर ठेवली आणि वर तिच्या तोंडाकडे बघितलं. ते मागणं होतं! शब्द नव्हता पण मागणं पूर्ण होतं. लाटणं उभं धरून त्यात बांगड्या ओवणं, सारख्या रंगाच्या एकत्र लावणं हे सगळं त्यानंतर, त्याच बांगड्यांवर आलं.

घरातल्या वस्तूंचा मी एवढा हट्ट का धरते त्याला अजून एक कारण आहे. आपल्या बऱ्याच मुलांचं शिकलेलं त्या एका वस्तूलाच चिकटून राहतं. किटमधला लाल ठोकळा बरोबर दाखवेल पण लाल टोमॅटो समोर ठेवला की काहीच नाही. म्हणून लाल म्हणजे ठोकळा, टोमॅटो, बांगडी, बादलीचं झाकण सगळंच. सावंतवाडीची लाकडी फळं सुंदर असतात, जरूर आणा, पण शेजारी खरं केळंही ठेवा.

विकतचं सगळं वाईट असं मात्र नाही हं. लाकडी ठोकळा त्याच्याच खाचेत बसतो ते पझल मला फार आवडतं, चुकलं तर बसतच नाही, कुणी "चुकलं" म्हणायलाच लागत नाही. बालवाडीत असलं साहित्य आणलं ते माँटेसरीबाईंनी. त्यांनी 1907 मध्ये रोमला बालगृह (लहान मुलांची शाळा) सुरू केलं त्याच्या आधी त्या मतिमंद मुलांबरोबर काम करत होत्या आणि सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने अशाच मुलांसाठी केलेल्या साहित्यावरून त्यांनी आपलं साहित्य बनवलं. म्हणजे बालवाडीतलं ते साहित्य मुळात आपल्या मुलांचंच.

चप्पल लाईनमधून आणलेल्या चपलांचं खोकं टाकू नका. झाकणाला चीर पाडली की नाणी किंवा बाटलीची बुचं आत टाकायचं काम तयार. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ऑटिझम असलेल्यांना शिकवायची टीच (TEACCH) नावाची पद्धत तयार झाली, तिच्यात असंच असतं, काम डावीकडे, झालेलं उजवीकडच्या डब्यात, म्हणजे किती राहिलं आणि कधी संपणार हे पोराला न सांगता दिसतं. निम्मा आरडाओरडा तिथेच कमी होतो.

कणकेचा गोळा उत्तम, पण चिकट नको वाटणाऱ्या पोराचा हात धरून त्यात खुपसू नका, कृपा करून नका. गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून दाबू दे, नाहीतर चमच्याने. शाडू आवडणारी मुलं पण असतात, गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत विचारा. सगळं तोंडात घालणारं पोर असेल तर शाडू नको आणि भरपूर मीठ घातलेला घरगुती क्ले पण नको, साधी कणीकच बरी. नाणी, बुचं, मणी, राजमा हे तुम्ही समोर बसलेले असतानाच, उठताना सगळं उचलून ठेवायचं. बटण सेल आणि लोहचुंबकाचे बारके मणी तर घरातच नकोत, गिळले तर सेलने अन्ननलिका जळू शकते आणि चुंबकांनी आतडी फाटू शकतात.

किती वेळ बसवायचं, हेही विचारता. सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. तो उठून पळायच्या आधी तुम्हीच "झालं" म्हणा आणि वस्तू डब्यात टाका.

आणि किट आधीच घेतलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्यातलं त्याचं सगळ्यात आवडतं जे असेल ते घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत घालून त्याला दिसेल असं ठेवा. झाकण त्याला उघडणार नाही, बरणी घेऊन तो तुमच्याकडेच येईल, तेव्हा हातातलं काम ठेवून तिथेच खाली बसा.