गिअरमध्ये टाका म्हणालो होतो

जुलैतली गोष्ट. रविवारी माझं गॅरेज बंद असतं, पण बंद म्हणजे शटर अर्धं खाली आणि आत काही ना काही चालूच. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ छोटं गॅरेज आहे, मी आणि एक पोरगं. सकाळी साडेनऊला जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, बँकेत आहेत, सज्जन माणूस, बिलात कधी घासाघीस नाही. म्हणाले, दादा, पुढच्या डाव्या चाकातून खडखड येतीय, लिंक रॉड, ती सस्पेन्शनची छोटी दांडी, ऑनलाइन मागवलाय, व्हिडिओ बघून मीच टाकतो, गाडी उचलताना काय बघू तेवढं सांगा. मी एका गाडीच्या क्लचमध्ये कोपरापर्यंत काळा, फोन खांदा आणि कानात दाबलेला. म्हणलं, काय नाही साहेब, नट गाडी खाली असतानाच ढिले करून घ्या, फर्स्ट गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि जॅक लावा. वीस सेकंद बोललो असेन.

अकराच्या पुढं त्याच नंबरवरनं फोन, पण आवाज त्यांच्या सोसायटीच्या वॉचमन मामांचा. गाडी पडली, साहेब अडकलेत, 108 ला फोन केलाय पण तुम्ही आधी या.

ट्रॉली जॅक, उचललेली गाडी टेकवायचे दोन स्टँड, प्लायवूडचा तुकडा आणि लाकडी ठोकळ्यांची गोणी व्हॅनमध्ये टाकून निघालो. सोसायटी गोडोलीकडं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, सगळा भागच उताराचा. पार्किंगला पेव्हिंग ब्लॉक, तेही पाणी वाहून जावं म्हणून मागच्या गटाराकडं उतार देऊन बसवलेले, वरून पावसाची भुरभुर.

गेलो तर सहा-सात माणसं फेंडर आणि बंपर धरून 'एक, दोन, तीन' करायच्या तयारीत. आधी त्यांना ओरडून थांबवलं. चांगल्या मनाचीच माणसं होती, पण हातानं उचललेल्या गाडीला धरून ठेवायला काही नसतं, ओल्या ब्लॉकवर एकाचा पाय सटकला की तीच गाडी त्याच माणसावर दुसऱ्यांदा पडते. हे सांगितलं की लोकांना राग येतो, एक काका म्हणालेच, माणूस मरतोय आणि हा शिकवतोय.

साहेब शुद्धीवर होते. उजवा हात आणि खांदा आत, डोकं चाकाच्या मोकळ्या जागेत फेंडरच्या कडेला, लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा लोखंडी दांडा, खाली येऊन दंडावर बसलेला. मला बघून पहिलं काय विचारावं? दादा, गाडीला काय झालं नाही ना.

पहिल्यांदा मागच्या दोन्ही चाकांना गटाराच्या बाजूनं ठोकळे ठोकले. हे झाल्याशिवाय मी जॅकला हात लावत नाही, कोण किती का बोंबलेना. मग प्लायवूड टाकलं. ट्रॉली जॅक वर जाताना त्याचं डोकं सरळ वर जात नाही, गोलाईत जातं, म्हणून जॅकची चाकं तेवढी सरकावी लागतात. पेव्हिंग ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं की जॅक सरकत नाही आणि मग तो गाडीलाच ओढतो, नाहीतर डोकं पॉइंटवरनं निसटतं. प्लायवर तो सुरळीत चालतो. ज्यांनी घरी वापरायला ट्रॉली जॅक घेतलाय त्यातल्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं, आणि विकणाराही सांगत नाही. एक इंच उचललं की एक ठोकळा पत्र्याखाली, परत एक इंच, परत ठोकळा. असं चार वेळा. जॅक फुस्स झाला तरी गाडी एका इंचापेक्षा जास्त खाली येणार नाही. मग एका बाजूला स्टँड लावला आणि साहेबांना पायाकडनं सरळ ओढून घेतलं. तेवढ्यात अँब्युलन्स आली. दंडाचं हाड मोडलं होतं, खांद्याची कातडी सोललेली, बाकी काही नाही.

बाकी काही नाही याला कारण मामा. मामांनी बावीस वर्षं ट्रकवर काढलीत, आधी क्लीनर मग ड्रायव्हर, खंबाटकी घाट चढताना किती चाकं बदलली त्याची गणतीच नाही. साहेबांनी काढलेलं चाक त्यांनी आपलं आपण पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. साहेब म्हणाले कशाला मामा, तर म्हणे असू द्या, तिथं पडलंय तर काय खातंय. टायर 165 चं, म्हणजे 165 मिलिमीटर रुंद, आडवं ठेवल्यावर साडेसहा इंच. गाडी त्यावर येऊन थांबली. ते नसतं तर ब्रेक डिस्क जमिनीला टेकेपर्यंत खाली आली असती. साडेआठशे किलोच्या गाडीचं पुढच्या एका कोपऱ्यावर अडीचशे किलो तरी येतं, इंजिन तिथंच असतं ना. व्हिडिओवाल्यांकडं चकाचक टूल असतात पण हे आडवं चाक मी फार थोड्यांत बघितलंय.

बरं, लिंक रॉडसाठी गाडीखाली जायचं कारणच नव्हतं. चाक काढलं की तो समोर दिसतो. पण खालचा नट गंजलेला, नटाबरोबर आतला बोल्टही गरगर फिरतो, पाठीमागनं धरावा लागतो, म्हणून साहेब आडवे झाले आणि लांब पाना लावून सगळ्या ताकदीनं ओढायला लागले. गाडीबरोबर येतो तो सिझर जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलंही असतं की गाडीखाली जाऊ नका. त्याचा पाय केवढा, तर तळहाताएवढा. त्याच्यावर उभ्या गाडीला आडवे हिसके द्यायचे म्हणजे काय. स्टँड असता तर हिसके पचले असते. जोडी दोन-अडीच हजारात मिळते, लोक त्याच्यापेक्षा महाग सीट कव्हर घालतात. आणि स्टँड लावला म्हणजे विषय संपला असंही नाही, आधी गाडी हलवून बघायची, खटका दात्यात पूर्ण बसलाय का डोळ्यांनी बघायचं. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानानं लाखोंनी स्टँड परत मागवले होते, खटका नीट बसत नव्हता म्हणून. आमच्याकडं तर सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवणारे महाभाग आहेत. तो ब्लॉक आधी वाकत बिकत नाही, एकदम भुगा होतो.

सोसायटीनं काय केलं, तर दुसऱ्या दिवशी बोर्ड लावला, पार्किंगमध्ये गाडी दुरुस्तीस सक्त मनाई. मामांचं नाव कुठंच नाही.

आता खरं ते सांगतो. अँब्युलन्स गेल्यावर मी गाडीचं दार उघडून बघितलं. गिअर पहिला. हँडब्रेक पार वर, कानाला लागेल एवढा ओढलेला. जॅक गटाराच्या बाजूला कलंडलेला, म्हणजे गाडी नुसती हिसक्यानं पडली नाही, मागं सरकली आणि जॅकचं डोकं बरोबर घेऊन गेली. पहिल्यांदा मलाही कळेना, गिअरमध्ये असलेली गाडी सरकली कशी. रात्री जेवताना डोक्यात आलं आणि घास तसाच राहिला. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. गिअर फक्त पुढची चाकं धरतो, तेही डिफरन्शियलमधनं, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीतनं. दोन्ही जमिनीवर असतील तरच धरतो. एक उचललं की जमिनीवरचं चाक मागं फिरायला मोकळं, उचललेलं उलटं फिरतं, इंजिनला पत्ताही लागत नाही. म्हणजे पुढचं चाक उचललेल्या गाडीला गिअर असून नसल्यासारखा. सगळा भार मागच्या चाकांच्या हँडब्रेकवर, आणि चाकांना ठोकळे लावा हे मी फोनवर बोललोच नव्हतो.

हँडब्रेकचं काय, ते सोमवारी जुनं जॉब कार्ड काढून बघितलं. मे महिन्यातली सर्व्हिस. खाली माझ्याच अक्षरात, 'हँडब्रेक केबल ढिली, बदलणे, पुढच्या वेळी.' साहेबांना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं, केबल स्टॉकला नव्हती. मला माहीत होतं. फोनवर बोलताना आठवलं नाही, एवढंच.

पोराला मी पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेऊन गिअरमध्ये टाकून दाखवलं, डावं हातानं फिरव. उजवं उलटं फिरायला लागलं तसा तो हसायला लागला, म्हणला जादूच की. मला हसू आलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी साहेब गाडी न्यायला आले, हात गळ्यात. येताना कंदी पेढे आणले होते, तुमच्यामुळं वाचलो म्हणाले, मामांनाही वेगळा पुडा दिला म्हणे. खडखड लिंक रॉडची नव्हतीच, शॉकअपची माउंटिंग गेली होती, ती बदलली. केबल बदलली, हँडब्रेक आता पाच टकटकीत घट्ट. बिल बघून म्हणाले, दादा, केबलचे पैसे लावले नाहीत? राहू दे म्हणलं. मग गाडीत बसता बसता थांबले.

"एक कळत नाही दादा. तुम्ही सांगितल्यासारखी गिअरमध्ये होती, हँडब्रेकपण ओढला होता. मग सरकली कशी?"

पोरगं तिथंच पाना पुसत उभं होतं. ते माझ्याकडं बघायला लागलं.

"उतार होता ना साहेब," म्हणालो.