आमची वाटचाल : दोन लाकडी बार आणि एक अफवा

सुरुवातीलाच सांगून टाकते, आम्ही पायाने मसाज करतो, पण पाठीवर चालत नाही. हे इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की शेवटी रिसेप्शनवर बोर्डच लावला, तरी फोनवर पहिला प्रश्न तोच, "तुम्ही ते पाठीवर चालता ना?" नाही हो. एक पाय टेबलावर टेकलेला, दुसरा सावकाश सरकतोय, आणि आपलं निम्मं वजन छताला बसवलेल्या लाकडी बारवर तोललेलं, याला चालणं म्हणत नाहीत. हा गैरसमज कुठून पसरला ते मला पक्कं माहितीये, ते पुढे येईलच.

मी आणि ताई (सख्खी नाही, पण धंद्यात सख्खीपेक्षा जास्त) दोघी आधी दुसऱ्यांच्या स्पामध्ये हातानेच काम करायचो. डीप टिश्यू, म्हणजे खोल दाबाचा मसाज, मागणारे क्लायंट सगळे ताईकडे, कारण तिचा हात जड. या लाइनमधल्या कुणालाही विचारा, आधी अंगठा जातो, मग मनगट, मग माणूस लाइन सोडतो. ताईचा अंगठा मुळाशी जो सांधा असतो तिथे दुखायला लागला, बाटलीचं झाकण फिरवता येईना. तिथल्या मॅनेजरने सांगितलं बर्फ लाव आणि पुढचा क्लायंट घे. डॉक्टरांनी सांगितलं काम बदल. ताईला दोन्ही मान्य नव्हतं.

पायाने करायची कल्पना काही आमची नाही, तसा दावा आम्ही कधी केला नाही (करणारे आहेत, सांगते). केरळात चवुट्टी थिरुमल हा पायाने करायचा मसाज कळरीपयट्टूवाल्यांसाठी (ही तिथली युद्धकला) आणि कथकलीच्या कलाकारांसाठी पूर्वापार चालत आलंय, क्लायंट जमिनीवर चटईवर, भरपूर तेल, आणि करणारा वर बांधलेल्या दोराला धरून एका पायाने बोटांच्या टोकापासून टाचेपर्यंत लांब स्ट्रोक मारतो. अमेरिकेत रुथी हार्डी यांनी १९९५ च्या सुमारास टेबल आणि छताला बार अशी पद्धत बसवली, तिला आशियात्सू म्हणतात. आम्ही दोराचंही शिकलो, पण धंदा बारवर केला, कारण ज्याची कंबर धरलीये त्याला जमिनीवरून उठवायचं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

शिकताना पहिले कितीतरी दिवस अंगाला पायच लावू दिला नाही आम्हाला. नुसतं बार धरून एका पायावर उभं राहायचं, गुडघा किंचित वाकलेला, खांदे खाली. मग साधा वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, त्यावर एक पाय, आणि बारवर भार घेत घेत काटा दहा किलोवर आणायचा, मग वीस, मग परत दहा, न झटकता. माझं वजन साठच्या आसपास, म्हणजे सगळं सोडलं तर क्लायंटवर साठ किलो, एवढा दाब कुणालाच नको असतो. ताई पहिल्यांदा काट्यावर उभी राहिली तेव्हा काटा नुसता नाचत होता. आणि तळव्याला बोटांइतकं बारीक कळत नाही, ते शिकवावं लागतं. टॉवेलखाली पेन्सिल, दोरी, चावी ठेवायची आणि डोळे मिटून तळव्याने ओळखायची. ताई चावी ओळखायला लागली त्याच आठवड्यात तिने पहिली खरी पाठ केली.

पायाचा प्रत्येक भाग वेगळं हत्यार आहे. कुल्ह्याच्या जाड स्नायूला टाच, मांडीच्या मागच्या बाजूला तळव्याची कमान (ती तिथे अशी बसते की मापाने केल्यासारखी), खांद्याच्या पात्याच्या कडेला अंगठा, मणक्याच्या बाजूच्या लांब स्नायूंना पायाची कड. मणक्यावर कधीच नाही. शेवटच्या दोन बरगड्या, अकरावी आणि बारावी, पुढे कशालाच जोडलेल्या नसतात आणि तिथेच आत किडनी, त्यामुळे त्या भागात वजन नाही. गुडघ्याच्या मागच्या खळग्यातही नाही, तिथे रक्तवाहिनी आणि नस वरच असतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढच्या गोष्टीत नेमकं हेच आहे.

स्वतःचं सुरू केलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गेला बारमध्ये. जागामालक छताला ड्रिल मारू देईनात. शेवटी इंजिनियर आणून दाखवला, स्लॅबमध्ये अँकर बोल्ट कसे बसतात ते त्याने समजावलं, तेव्हा मानले. बार गोल, लाकडी, मुठीत नीट मावतील असे, टेबलाच्या लांबीला समांतर, मधलं अंतर खांद्यांएवढं. सुताराने हौसेने पॉलिश मारून आणले होते, आम्ही सँडपेपरने काढून टाकलं, घामेजला हात पॉलिशवरून सटकतो. टेबल घेताना दुकानदार सांगतो ते वजन नुसतं पडून राहिलेल्या माणसाचं आहे की वर कुणी काम करत असतानाचं, ते आधी विचारा, दोन्ही आकडे वेगळे असतात. आणि नेहमीपेक्षा बुटकं घ्या नाहीतर डोकं छताला लागेल. तेल नको, क्रीम वापरा, तेही हाताला लावतो त्याहून कमी. पाय घसरला की दाब तुमच्या हातात राहत नाही.

पुढची काही वर्षं चांगली गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग एक मुलगा आला शिकायला. हुशार, बोलका, क्लायंटला आवडणारा. वजनकाट्याचा त्याला भयंकर कंटाळा. "मॅडम, हे कधी संपणार, डायरेक्ट पाठीवर घ्या ना." मध्येच सोडून गेला, जाताना बारचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मला वाटलं आठवण म्हणून काढतोय. थोड्याच दिवसांत जवळच त्याचा बोर्ड लागला, त्यावर टेबलावर पालथा पडलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर दोन्ही पायांनी ताठ उभी मुलगी. रेट आमच्या निम्म्याहून कमी. तब्येतीचा फॉर्म नाही, चौकशी नाही, आलात की झोपा. बार होते, पण फॉल्स सीलिंगच्या चॅनेलला अडकवलेले, म्हणजे नुसते दिसायला, त्यावर भार कोण टाकणार? मग सगळं वजन खाली.

व्हायचं तेच झालं. हाडं ठिसूळ झालेल्या एका बाईंची बरगडी गेली. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि बातमी पसरली ती अशी नाही की अमक्याकडे बरगडी मोडली, ती पसरली "पायाने मसाज केला की बरगड्या मोडतात". त्याने बोर्ड उतरवला, गरम दगडांचं सुरू केलं, मजेत राहिला. बोलणी कुणी खाल्ली? आम्ही. आठवडाभराची बुकिंगं एका दिवसात कॅन्सल, जुने क्लायंट फोन उचलेनात, ज्या फिजिओथेरपिस्ट बाई आमच्याकडे पेशंट पाठवायच्या त्या म्हणाल्या "थोडे दिवस थांबते हं". ते थोडे दिवस वर्षाच्या वर गेले. भाडं थकलं. ताईने दागिने गहाण ठेवले, मला न सांगता, मला पावती सापडली तेव्हा कळलं. आमच्या धंद्यातल्या एका संघटनेला पत्र लिहिलं, तुम्ही दोन ओळी तरी काढा की नीट शिकलेली आणि न शिकलेली माणसं यात फरक असतो, तर उत्तर आलं की पायाने करणं आमच्या व्याख्येत मसाज म्हणून बसत नाही. ते पत्र मी अजून फाइलला लावून ठेवलंय.

त्या काळात न चुकता आले ते एकटे काका. ट्रान्सपोर्टचं काम, आयुष्यभर स्टिअरिंगवर बसलेले, देह असा की हाताने करणारा दहा मिनिटांत दमतो. टाच कुल्ह्याच्या स्नायूत हळूहळू बसवली की त्यांचा श्वास बदलायचा, मग पायाला जाणवायचं की आतली गाठ सैल पडतेय, तोपर्यंत हलायचं नाही. ते म्हणायचे "अजून", आणि ताई म्हणायची "काका, तुम्ही सांगाल तेवढं नाही, स्नायू घेईल तेवढं." ते ऐकायचे. त्यांनी कधी सवलत मागितली नाही, उलट पुढच्या महिन्यांचे पैसे आधीच देऊन ठेवले आणि ओळखीचे ड्रायव्हर एकेक करून आणले. त्यातल्या एकाला आम्ही परत पाठवलं, पोटरी एकाच पायाची सुजलेली, गरम लागत होती, म्हटलं आधी डॉक्टर. शिरेत गुठळी निघाली. आम्ही तिथे दाब दिला असता तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट बाईंचा स्वतःहून फोन आला. धंदा सावरला तो असा, एका माणसाला मसाज न देऊन. याची बातमी मात्र कुठे पसरली नाही.

नवीन लाइनमध्ये येणाऱ्यांना सांगते, विचारलं नसलं तरी. फॉर्म भरल्याशिवाय हात नाही, पाय तर नाहीच. रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन, ठिसूळ हाडं, ताब्यात नसलेलं बीपी, यात नाही म्हणायला शिका, क्लायंट रागावला तर रागावू दे. स्वतःच्या टाचांच्या भेगा आणि नखं रोज बघा, क्लायंटला एक ओरखडा गेला की तो परत येत नाही. मोजे घालून नाही, तळव्याला कळलं पाहिजे. दर महिन्याला बारचे बोल्ट स्वतः लटकून तपासा, माणूस पाठवू नका. आणि पायाचं जमलं म्हणून हाताचं विसरू नका, मानेला, चेहऱ्याला हातच लागतात, ताई अजूनही मान हातानेच करते, अंगठा बाजूला ठेवून.

तो मुलगा आता काय करतो विचाराल तर कोर्स घेतो. दोन दिवसांचा, सर्टिफिकेटसकट, आणि जाहिरातीत स्वतःला या पद्धतीचा इथला जनक म्हणवतो. त्याच्याकडून शिकलेली मुलंमुली अधूनमधून आमच्याकडे नोकरीला येतात, सर्टिफिकेट पुढे करतात. आम्ही ते ठेवून घेतो आणि ताई कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवते.